वीस वर्षांखालचे खांदे : रग्बीची जागतिक युवा स्पर्धा आणि टॅकलची उंची

आज विषय रग्बीचा आहे. मराठी क्रीडापानांवर या खेळाला महिन्यातून एखादा कोपरा मिळतो, तोही मिळाला तर. आणि आपण मोठ्यांच्या विश्वचषकाबद्दलही बोलणार नाही आहोत. बोलायचं आहे ते वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेबद्दल. रग्बीचा एकही सामना न पाहिलेले श्रोते इथे बरेच असतील, त्यामुळे खेळ थोडा समजावून सांगू. पण आधी दोन निकाल ऐका.

२०११, इटली. न्यूझीलंड ९२, वेल्स ०.
२०१२, दक्षिण आफ्रिका. वेल्स ९, न्यूझीलंड ६.

मध्ये फक्त एक वर्ष गेलं आहे. २००८ साली ही स्पर्धा सुरू झाल्यापासून न्यूझीलंडची पोरं एकही सामना हरली नव्हती. सलग चार वेळा जगज्जेती. आणि ज्यांना त्यांनी आदल्या वर्षी ब्याण्णव गुणांनी अक्षरशः लोळवलं होतं, त्याच वेल्सने त्यांना केपटाऊन परिसरात, ऐन जूनमध्ये हरवलं. (जून म्हणजे तिकडेही पावसाचे दिवस, फक्त तो तिथला हिवाळी पाऊस.) ९-६ या आकड्यातूनच सामना कसा झाला ते कळतं. रग्बीत ट्रायचे पाच गुण असतात, ट्रायनंतरच्या किकचे दोन, आणि पेनल्टी किंवा ड्रॉप किकचे तीन. नऊ आणि सहा हे आकडे फक्त तीन-तीननेच जमतात. म्हणजे ऐंशी मिनिटांत दोन्हीकडून एकही ट्राय झाला नाही. नुसती ढकलाढकली, अडवाअडवी आणि पाच किका.

वयोगटाच्या स्पर्धेत असे उलटफेर होतात, कारण संघ दरवर्षी अर्धाअधिक नवा असतो. वय झालं की बाहेर. पण २०१२ च्या त्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडत होती, जी धावफलकावर दिसत नव्हती. एखाद्या मुलाच्या डोक्याला मार लागल्याचा संशय आला, तर त्याला पाच मिनिटं बाहेर काढायचं, डॉक्टरांनी तपासायचं, आणि ठीक वाटला तर परत आत पाठवायचं, अशी नवी पद्धत तेव्हा आजमावली जात होती. आजचं आपलं बोलणं त्या पाच मिनिटांबद्दलच आहे, असं म्हटलं तरी चालेल.

या स्पर्धेत उद्याचे तारे दिसतात असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. या स्पर्धेत उद्याचे नियमसुद्धा दिसतात. रग्बीच्या कारभाऱ्यांना एखादा बदल करून बघायचा असतो, तेव्हा तो पुष्कळदा या अठरा-एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर आधी करून बघितला जातो. हे चांगलं की वाईट, याचं उत्तर आम्हाला वाटलं होतं तितकं सरळ निघालं नाही.

आता खेळ. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू, लांबट अंड्यासारखा चेंडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतं, पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पास द्यायचा तर मागेच द्यावा लागतो. या एका नियमात सगळी गंमत आहे. तुम्ही पुढे जाता आणि तुमचे सगळे सोबती मागे असतात. समोरच्या संघाने चेंडू घेतलेल्या माणसाला हातांनी कवळ घालून पाडायचं, हा टॅकल. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला हात लावायचा नाही, आणि खांद्याच्या वर धरायचं नाही.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला टॅकल वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्याकडे चढाईपटूचा घोटा धरतात, मांडी धरतात. कुस्तीत खाली झुकून पट काढतात. समोरच्याला पाडायचं तर त्याच्या कमरेखाली जावं लागतं, हे आपल्या खेळांना उपजतच ठाऊक आहे. मग रग्बीत लोक छातीला, गळ्यापाशी का भिडतात? कारण तिथे माणूस पाडणं पुरेसं नाही. तो पडता पडता चेंडू मागच्या सोबत्याच्या हातात सरकवू शकतो. बचाव करणाऱ्याला माणूसही अडवायचा असतो आणि चेंडूही बंद करायचा असतो. चेंडू असतो छातीशी. म्हणून बचावपटू ताठ उभा राहून वर भिडतो. खेळ व्यावसायिक झाला १९९५ मध्ये, त्यानंतर हे वाढलं. आणि दोन माणसं ताठ उभी राहून एकमेकांवर आदळली की दोन डोकी एकाच उंचीवर येतात.

दुसरी गोष्ट स्क्रम. छोट्या चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खाली घालून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. पुढच्या फळीतल्या मुलाच्या मानेवर समोरून आठ जणांचा आणि मागून आपल्याच पाच जणांचा भार येतो. म्हणूनच एकोणीस वर्षांखालच्या रग्बीला वेगळे नियम आहेत. तिथे स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. हे दीड मीटर म्हणजे एक प्रकारे खेळाने स्वतःच दिलेली कबुली आहे, की मुलाची मान आणि पुरुषाची मान एक नाही.

मग वीस वर्षांखालच्या या स्पर्धेत काय? तिथे मोठ्यांचेच नियम. दीड मीटरची मर्यादा नाही. म्हणजे अठराव्या वर्षी देशाच्या संघात निवडला गेलेला मुलगा, ज्याच्या क्लबातले सोबती अजून आखडत्या नियमांनी खेळत असतील, तो इथे पूर्ण रेट्याचा स्क्रम खेळतो. पूर्वी याला मधली पायरी होती. एकोणीस वर्षांखालील आणि एकवीस वर्षांखालील अशा दोन वेगळ्या जागतिक स्पर्धा व्हायच्या. २००८ मध्ये दोन्ही मोडून एकच केली. वेल्समध्ये पहिली झाली, न्यूझीलंडने स्वान्सीला अंतिम सामन्यात इंग्लंडला ३८-३ हरवलं. खर्च, वेळापत्रक, क्लबांच्या तक्रारी या सगळ्या दृष्टीने एकच स्पर्धा सोयीची आहे, हे समजतं. पण दोन पायऱ्यांची एक पायरी केली की ती उंच होते, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

स्क्रमचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. २०१७ ची स्पर्धा जॉर्जियात झाली, तिबिलिसी आणि कुताइसीमध्ये. जॉर्जिया हा स्क्रमचा देश. तिथे ‘लेलो बुर्ती’ नावाचा एक जुना गावखेळ आहे. शुखुती नावाच्या गावात ईस्टरला अजून खेळतात. गावाचे दोन भाग, मध्ये सोळा-एक किलोचा चामड्याचा चेंडू, आणि शेकडो माणसांची रेटारेटी. जो भाग जिंकेल तो चेंडू गावातल्या एखाद्या दिवंगताच्या थडग्यावर नेऊन ठेवतो. जॉर्जियाच्या रग्बीत ट्रायला ‘लेलो’च म्हणतात आणि राष्ट्रीय संघालाही ‘लेलोस’. अशा देशात स्क्रम शिकवावा लागत नाही. तो आवरावा लागतो.

मानेच्या बाबतीत मात्र रग्बीने काही चांगलं करून दाखवलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये २००१ पासून प्रत्येक प्रशिक्षकाला आणि पंचाला सुरक्षित स्क्रम आणि टॅकल शिकणं सक्तीचं झालं. पुढच्या पाच वर्षांत कायमच्या अपंगत्वाच्या, मणक्याच्या दुखापती आधीच्या प्रमाणानुसार एकोणीसच्या आसपास व्हायला हव्या होत्या, त्या आठ झाल्या. स्क्रममधून अपेक्षित होत्या नऊ, झाली एक. मुलांना घाबरवून खेळ बंद पाडला नाही, फक्त खांदा कुठे लावायचा ते नीट शिकवलं. आज स्क्रम जुळवताना पंच तीन टप्प्यांत आज्ञा देतो आणि मुलं आधी एकमेकांना धरतात, मगच भिडतात. आदळणं कमी झालं. हे २०१३ पासून.

डोक्याचं तसं नाही. डोकं कठीण विषय आहे, दोन्ही अर्थांनी.

मान मोडली तर दिसते. मेंदूला धक्का बसला तर मुलगा उठतो, मान हलवतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो. त्याला स्वतःला तसंच वाटत असतं. आता २०१२ च्या पाच मिनिटांकडे परत या. त्याआधी नियम असा होता की डोक्याला मार लागल्याचं निदान झालं की खेळाडू बाहेर. प्रत्यक्षात मैदानावरच घाईघाईत विचारपूस व्हायची आणि बहुतेक जण खेळत राहायचे. पाच मिनिटांच्या तपासणीचे समर्थक म्हणाले, निदान आता डॉक्टरला शांतपणे बघता तरी येईल, तोवर बदली खेळाडू आत राहील. विरोधक म्हणाले, पाच मिनिटांत मेंदूची दुखापत ‘नाही’ असं कुणीच ठरवू शकत नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की तुम्ही खेळाडूला बाहेर काढण्याची नाही, तर परत आत पाठवण्याची सोय करताय. आयर्लंडचे माजी खेळाडू आणि आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाचे वैद्यकीय सल्लागार डॉ. बॅरी ओ’ड्रिस्कॉल यांनी याच मुद्द्यावर २०१२ मध्ये मंडळ सोडलं. पंधरा वर्षं ज्या संस्थेत काम केलं, तिथून बाहेर पडणं सोपं नसतं.

पुढे पाचाची दहा मिनिटं झाली, चाचण्या सुधारल्या, चित्रफीत बघण्याची सोय आली, सामन्यानंतर पुन्हा तपासणी आली. म्हणजे ओ’ड्रिस्कॉल यांचा आक्षेप निम्मा मान्य झाला, असं आम्ही म्हणू. पण पहिल्या आवृत्तीची तपासणी ज्यांच्यावर झाली त्यांत अठरा-एकोणीस वर्षांची मुलं होती, हे विसरता येत नाही.

यात काय पणाला लागलंय ते एका नावाने सांगतो. स्टीव्ह थॉम्पसन. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात पहिल्या फळीत खेळलेला खेळाडू. २०२० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीर केलं की त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे आणि विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. चित्रफीत पाहिली तर आपण दिसतो, पण आठवत नाही. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी खेळाच्या संस्थांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आहे. ती पिढी व्यावसायिक रग्बीची पहिली पिढी. त्यांच्या काळात मोजमापच नव्हतं. आताच्या वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कुणालाही म्हणता येणार नाही.

मोजमापाचंच सांगतो. वर्ल्ड रग्बीसाठी संशोधकांनी १,५१६ व्यावसायिक सामन्यांची चित्रीकरणं तपासली. डोक्याला मार लागण्याच्या दर चार प्रसंगांतले तीन टॅकलमध्ये घडलेले. ते ठीक, तसं कुणालाही वाटेल. पण पुढचं वाचून आम्ही थबकलो. टॅकलमधल्या त्या ४६४ घटनांत, बहुतेक वेळा मार बसला तो पाडणाऱ्याला, पडणाऱ्याला नाही. चारांत जवळपास तीन वेळा. आणि पाडणारा ताठ उभा असेल तर धोका कमरेत वाकलेल्यापेक्षा सुमारे दीडपट. म्हणजे ज्या नियमाकडे आपण ‘चेंडूवाल्याचं संरक्षण’ म्हणून बघत होतो, तो खरं तर टॅकल करणाऱ्याच्या संरक्षणाचा नियम असायला हवा होता.

आता हे प्रत्यक्षात कसं आणायचं? २०१८ ची युवा स्पर्धा फ्रान्समध्ये होती. तिथे एक साधी युक्ती करून पाहिली. सामन्यानंतर चित्रफीत बघायची. एखादा बचावपटू ताठ उभा राहून भिडला, डोक्याला मार बसला आणि तपासणीची वेळ आली, मग डोकं कुणाचंही असो, तर त्या बचावपटूला ताकीद. पंचाने मैदानावर शिट्टी वाजवली होती की नाही, याचा संबंध नाही. स्पर्धेत दोन ताकिदी झाल्या की एक सामना बाहेर. बस. दंड नाही, भाषण नाही. फक्त प्रशिक्षकाला कळलं की आपला मुलगा ताठ उभा राहतोय, आणि पुन्हा तसं झालं तर उपांत्य फेरीला तो नसेल.

निकाल असा की मेंदूच्या धक्क्याचं प्रमाण आदल्या स्पर्धेच्या तुलनेत निम्म्याहून खाली आलं.

ऐकायला फार छान आहे. आम्हालाही छान वाटलं. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. या स्पर्धेत २०१० पासून बारा संघ असत. चार-चारचे तीन गट. गटविजेते तीन आणि दुसऱ्या क्रमांकांतला सर्वोत्तम एक, असे चार उपांत्य फेरीत. पण हरलेले घरी जात नसत. पाचवा ते आठवा आणि नववा ते बारावा हे क्रमांकही खेळूनच ठरत, त्यामुळे प्रत्येक संघ पाच सामने खेळायचा. एकूण सामने तीस. प्रत्येक सामन्यात मैदानावर तीस खेळाडू, ऐंशी मिनिटं. म्हणजे साऱ्या स्पर्धेचे मिळून बाराशे खेळाडू-तास. दुखापतींचं प्रमाण सांगताना दर हजार खेळाडू-तासांमागे किती, असं सांगतात. इथे सगळी स्पर्धाच जेमतेम हजाराच्या वर होती! एवढ्याशा आकड्यात चार-सहा घटना इकडच्या तिकडे झाल्या तरी प्रमाण भरभर बदलतं. त्यामुळे ‘निम्मं झालं’ याचा अर्थ ‘दिशा बरोबर दिसतेय’ इतकाच घ्यावा. सिद्ध झालं असं नाही.

आणि लगेच त्याचा पडताळाही आला, उलट बाजूने. त्याच २०१८-१९ च्या मोसमात इंग्लंडने मोठ्यांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका चषकस्पर्धेत टॅकलची कायदेशीर उंची खांद्यावरून काखेच्या रेषेवर आणली. हेतू तोच. पण मेंदूच्या धक्क्यांचं प्रमाण वाढलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रयोग मध्येच थांबवावा लागला. का? बचावपटू वाकू लागला हे खरं, पण चेंडू घेऊन दोन पावलं पुढे घुसणारासुद्धा वाकलेलाच असतो. दोघंही वाकले की डोकी पुन्हा एकाच उंचीवर! रेषा खाली नेली म्हणून डोकी दूर गेली नाहीत, नुसती खाली जाऊन भेटली.

या दोन प्रयोगांत फरक काय, यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्यापैकी काहींना वाटतं की वय हा फरक आहे. तिशीतल्या माणसाची दहा वर्षांची सवय सहा महिन्यांत मोडत नाही, अठराव्या वर्षी मोडते. काहींना वाटतं, फरक नियमाच्या जातीत आहे. इंग्लंडने रेषा हलवली, युवा स्पर्धेत सवयीवर बोट ठेवलं. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. ‘इथे धरू नकोस’ आणि ‘असा उभा राहू नकोस’ या वेगळ्या सूचना आहेत. कुठल्याही तालमीतल्या वस्तादाला हा फरक विचारा.

२०१८ बद्दल आणखी एक सांगायलाच हवं. त्या जूनमध्ये बेझिएला फ्रान्सच्या मुलांनी अंतिम सामन्यात इंग्लंडला ३३-२५ हरवून पहिल्यांदाच ही स्पर्धा जिंकली, घरच्या प्रेक्षकांसमोर. रोमँ न्तामाक त्या संघात होता. सगळीकडे आनंदीआनंद. आणि त्याच वर्षी, मे २०१८ ते जानेवारी २०१९ या नऊ महिन्यांत, फ्रान्समध्ये चार तरुण खेळाडू रग्बी खेळताना किंवा खेळल्यानंतर दगावले. त्यांतले दोघे विशीच्या आतले होते. या स्पर्धेशी त्या मृत्यूंचा संबंध नाही, ते वेगवेगळ्या सामन्यांत घडले. पण वय तेच. फ्रान्सच्या संघटनेने २०१९ च्या मोसमापासून हौशी रग्बीत टॅकल कमरेपर्यंत खाली आणला आणि दोघांनी एकाच वेळी एकाला धरण्यावर बंदी घातली. इंग्लंडने २०२३ मध्ये हौशी खेळासाठी छातीच्या हाडाच्या तळापर्यंतची रेषा ठरवली. त्यावर बराच आरडाओरडा झाला, खेळ मेणचट होईल वगैरे.

नियमांची तालीम याच स्पर्धेत होते याची आणखी उदाहरणं भराभर सांगतो. २०२३ मध्ये गैरखेळाचा निर्णय मैदानाबाहेर बसलेल्या अधिकाऱ्याने आठ मिनिटांत तपासून द्यायचा, ही ‘बंकर’ पद्धत जूनमध्ये इथे वापरली गेली आणि सप्टेंबरमध्ये मोठ्यांच्या विश्वचषकात दिसली. २०२४ मध्ये वर्ल्ड रग्बीने वीस मिनिटांच्या लाल कार्डाचा प्रयोग ज्या स्पर्धांत केला, त्यांत हीही होती. त्यात दोषी खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरवता येतो. फ्रान्सचा याला विरोध होता. आमचंही मत असं की डोक्यावरच्या टॅकलची शिक्षा एकीकडे कडक करायची आणि दुसरीकडे संघाची झळ कमी करायची, हे दोन हात एकमेकांच्या विरुद्ध चालतात.

आता थोडं खेळाडूंकडे, कारण तुम्ही म्हणाल की नुसत्या दुखापतीच सांगताय. २००९ मध्ये न्यूझीलंडचा कर्णधार होता एरन क्रूडन. आदल्या वर्षी त्याच्यावर वृषणाच्या कर्करोगासाठी उपचार झाले होते. वर्षभरात तो जपानमध्ये ही स्पर्धा जिंकून वर्षातला सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला. २०११ चा अंतिम सामना आठवा: एका बाजूला बोडन बॅरेट, ब्रॉडी रेटॅलिक, दुसऱ्या बाजूला ओवेन फॅरेल, जॉर्ज फोर्ड. पुढची दहा वर्षं मोठ्यांच्या रग्बीत हीच नावं.

आमचा लाडका मात्र हांद्रे पोलार्ड. २०१२ मध्ये अठराव्या वर्षी तो न्यूलँड्सवर, आपल्याच मुलखात, न्यूझीलंडविरुद्ध अंतिम सामना खेळला. दक्षिण आफ्रिका २२-१६ जिंकली. २०१४ मध्ये ईडन पार्कवर तो पुन्हा अंतिम सामन्यात होता. यावेळी मारो इटोजेच्या इंग्लंडने एका गुणाने हरवलं, २१-२०. आणि २०२३ च्या मोठ्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला एकाच गुणाने हरवलं, १२-११. बाराच्या बारा गुण पोलार्डचे. एका गुणाची किंमत तो विसाव्या वर्षी शिकला होता.

पण सगळेच पोलार्ड नसतात. २००२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा विचार करा. या स्पर्धेसाठी त्यांची तीन वर्षं होती, २०२०, २०२१ आणि २०२२. तिन्ही वर्षी कोविडमुळे स्पर्धा झालीच नाही. एक अख्खं जन्मवर्ष कोरं गेलं.

आणि स्कॉटलंड. १८७१ मध्ये जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना एडिंबरात झाला, तो जिंकणारा देश. २०१९ मध्ये त्यांची युवा तुकडी फिजीकडून हरली आणि बाराव्या क्रमांकावर गेली. तेव्हा शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जात असे. तीन वर्षं कोविडने खाल्ली, २०२३ मध्ये वर येण्याची संधी हुकली, आणि २०२४ मध्ये एडिंबरातच खालची स्पर्धा जिंकून ते परतले. सहा वर्षांनी, २०२५ मध्ये, मुख्य स्पर्धेत दिसले. हे सांगायचं कारण वेगळं आहे. अकराव्या-बाराव्या क्रमांकाच्या त्या सामन्यात, पासष्टाव्या मिनिटाला, ज्या मुलाला डोळ्यांपुढे अंधारी येते, तो हात वर करून ‘मला बरं वाटत नाही’ म्हणेल का? देश खालच्या श्रेणीत जाणार असताना? आम्हाला नाही वाटत. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडता कामा नये. डॉक्टर, चित्रफीत, आणि आता दातांच्या कवचातला धक्का मोजणारा संवेदक, यांनी त्याच्या वतीने ‘नाही’ म्हणायला हवं. २०२४ पासून मोठ्यांच्या रग्बीत ही कवचं तपासणीचा भाग झाली आहेत. खेळाडूला काही जाणवलं नाही, कुणाला काही दिसलं नाही, तरी कवचाने मोठा धक्का नोंदवला तर बाहेर यावंच लागतं. २०१२ च्या पाच मिनिटांपासून इथवर यायला बारा वर्षं लागली.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, यात भारत कुठे आहे? पंधरा जणांच्या या मुख्य स्पर्धेत भारत कधी खेळलेला नाही. तसं आपलं नातं जुनं आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी दरवर्षी खेळतात, तो १८७८ मध्ये बंद पडलेल्या कलकत्त्याच्या क्लबाने आपल्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून केलेला आहे. मुंबईतही बॉम्बे जिमखान्यावर रग्बी कित्येक पिढ्या खेळली जातेय. पण आपल्या मुलामुलींचा खरा वावर आता सात जणांच्या रग्बीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमध्ये राजगीरला आशियाई वीस वर्षांखालील सेव्हन्स स्पर्धा झाली, आणि भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. सात जणांच्या खेळात स्क्रम तीन-तीन जणांचा असतो, त्यामुळे मानेवरचा भार कमी. पण मैदान तेवढंच आणि माणसं निम्म्याहून कमी, त्यामुळे धावणारी मुलगी पूर्ण वेगात असते आणि टॅकल करणारी बहुतेक वेळा एकटी. कबड्डीत घोटा धरणाऱ्या मुलींना रग्बीत आणताना ती सवय मोडू नका, एवढंच आम्ही त्या श्रोत्याला सांगितलं. ते स्वतः शाळेत क्रीडाशिक्षक होते.